किती वेळ खेळलास? आधी विचारा, काय खेळलास?

पालकसभेत दरवर्षी आमच्या कानावर येणारी तक्रार एकच असते. ‘दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो, काही तरी सांगा त्याला.’ कोणता गेम, असे आम्ही विचारले की बहुतेक अम्मी-अब्बा एकमेकांकडे पाहतात. ‘तो बंदुकीचा’ किंवा ‘ते घरं बांधायचं असतं ना, ते’ याच्यापुढे उत्तर जात नाही. मुलगा कोणाच्या घरी जातो, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसतो, बाहेर काय खातो, याची आपण बारीक चौकशी करतो. पण रोज दोन-दोन तास तो ज्या जागी असतो, त्या जागेचे नाव घरात कोणालाच ठाऊक नसते.

सगळे गेम सारखे नसतात. काही खेळ डोके चालवतात, काही नुसता वेळ खातात, काही खिसा रिकामा करतात आणि काही घरात अनोळखी माणसाला आणून बसवतात. म्हणून ‘किती वेळ खेळलास?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘काय खेळलास?’ हा असायला हवा. या लेखात आम्ही सध्या खेळले जाणारे, ज्यांची वाट पाहिली जात आहे असे आणि घरात आणायला हरकत नाही असे काही गेम घेतले आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक गेमला लावता येतील असे चार प्रश्न वाचकांसमोर ठेवत आहोत.

सध्या काय चालले आहे?

आठवी-नववीची मुले मधल्या सुट्टीत ज्या गेमविषयी सर्वांत जास्त बोलतात ते दोन: बीजीएमआय आणि फ्री फायर. बीजीएमआयचे मूळ म्हणजे पब्जी. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाच्या कल्पनेतून तो 2017 मध्ये संगणकावर आला आणि 2018 मध्ये मोबाईलवर. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. भारत सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जी मोबाईलवर बंदी घातली. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जुलै 2021 मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने आणला. जुलै 2022 मध्ये तोही बंद झाला आणि मे 2023 मध्ये परत आला. परतताना 18 वर्षांखालील मुलांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी मर्यादा ठेवण्यात आली.

फ्री फायर हा सिंगापूरच्या गरेना कंपनीचा. त्यात खेळाडू पन्नास, डाव दहा मिनिटांचा आणि तो स्वस्तातल्या फोनवरही चालतो. म्हणूनच लहान गावांत आणि वस्त्यांत त्याचा जोर जास्त. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यावर बंदी आली, पण ‘फ्री फायर मॅक्स’ हे त्याचेच दुसरे रूप सुरू राहिले. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की बंदीवर विसंबून राहणाऱ्या पालकांची दरवेळी निराशा होते. गेम नाव बदलून परत येतो, आणि मुलगा तर तोच असतो.

धाकट्या मुलांत माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स चालतात. मोठ्यांमध्ये लुडो किंग. विकास जयस्वाल यांच्या मुंबईतील कंपनीने 2016 मध्ये आणलेला हा गेम 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. आखातात अडकलेले अब्बा आणि कोकणातल्या घरात बसलेली मुले एकाच पटावर सोंगट्या हलवत होती. गेम माणसे जोडतो, हेही तेव्हा आपण पाहिले आहे.

पहिला प्रश्न : हा खेळ कधी थांबतो?

जुन्या नोकिया फोनवरचा साप आठवा. तो स्वतःच्या शेपटीवर आदळला की डाव संपला. नंतर तो साप आपल्याला हाका मारत नसे. आजचे फुकटातले बहुतेक गेम हाका मारतात. ‘आज आला नाहीस, तुझे बक्षीस बुडेल’, ‘सीझन संपायला दोन दिवस उरले’, ‘तुझे मित्र खेळत आहेत’ असे संदेश फोनवर येत राहतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, सात दिवस सलग लावली तर मोठे बक्षीस. शाळेची हजेरी चुकली तर चालते, गेमची चुकवणे मुलाच्या जिवावर येते.

बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरासाठी आम्ही स्किनरचे प्रयोग पाठ केले होते. कबुतराने ठरावीक जागी चोच मारली की दाणा मिळे. दाणा दरवेळी मिळण्याऐवजी कधी तिसऱ्या, कधी दहाव्या, कधी विसाव्या चोचीला मिळू लागला, तेव्हा कबुतर थांबेनासे झाले. परीक्षा संपली तसा तो धडाही संपला, असे आम्हाला वाटले होते. आज तोच धडा मुलांच्या फोनमध्ये चालू आहे. पेटी उघडल्यावर कधी साधी टोपी निघते, तर क्वचित कधी सोनेरी बंदूक. पुढच्या पेटीत काय असेल हे ठाऊक नसणे, हाच तो दाणा.

याउलट काही गेमना गोष्टीसारखा शेवट असतो. शेवट आला की मूल फोन खाली ठेवते आणि तुम्हाला ती गोष्ट सांगायला येते. गेम निवडताना हा फरक आधी पाहावा.

दुसरा प्रश्न : पैसे कसे मागतो?

काही गेम एकदाच किंमत घेतात. काही गेम फुकट मिळतात आणि आत गेल्यावर मागत राहतात. घराला महाग पडतात ते बहुधा दुसरे. त्यांची युक्ती साधी आहे. आधी रुपयांचे दुसरेच काही तरी करून टाकायचे: बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड, रोब्लॉक्समध्ये रोबक्स. शंभराची नोट मोडताना मुलाचा हात अडखळतो. तीनशे डायमंड उडवताना अडखळत नाही, कारण त्या डायमंडसाठी अब्बांना किती तास उभे राहावे लागले ते पडद्यावर दिसत नाही.

पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, हा प्रकार आपल्या घरांत कोणी नाव न सांगताही ओळखावा. बेल्जियमच्या जुगार नियामक मंडळाने 2018 मध्ये अशा पेट्या त्यांच्या कायद्याप्रमाणे जुगारात मोडतात असा निर्णय दिला आणि कंपन्यांना तिथे त्यांची विक्री थांबवावी लागली. जुगाराला जुगार म्हणायला आपल्याला परदेशी मंडळाच्या शिक्क्याची गरज नाही. पण रंगीत पेटीतून तो मुलांच्या खेळात शिरतो, तेव्हा आपल्याही नजरेतून सुटतो.

अमेरिकेतले एक प्रकरण पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी डिसेंबर 2022 मध्ये 52 कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले 24.5 कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी होते. बटणांची मांडणीच अशी होती की नकळत बोट लागले तरी खरेदी व्हावी, असा आयोगाचा आरोप होता.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्यांना 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यांना 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रमी आणि क्रिकेटच्या टीमवर पैसे लावण्यात कितीतरी तरुणांची कमाई गेली, त्यामुळे हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण घरातली तिजोरी सांभाळायला कायदा येत नाही. अनेक घरांत अम्मीला यूपीआय चालवून देणारा आठवीतला मुलगाच असतो आणि पिन त्यालाच पाठ असतो. तो पिन आजच बदलावा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. पैसे गेलेच आणि फसवणूक झाली असेल, तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

तिसरा प्रश्न : कानात आवाज कोणाचा?

मुलगा हेडफोन लावून खोलीत एकटा बसला आहे असे आपल्याला वाटते. खरे तर तो चार जणांशी बोलत असतो. त्यातले दोन वर्गातले असतील, बाकीचे दोन कोण, हे त्यालाही ठाऊक नसते. शिव्या तो तिथे शिकतो. कोणी त्याचा फोटो मागतो, कोणी ‘डायमंड देतो, नंबर पाठव’ म्हणतो. एपिकवरच्या आरोपांत हाही एक होता की मुलांसाठी बोलण्याची सोय आपोआप चालू ठेवली गेली आणि त्यामुळे मुले अनोळखी लोकांच्या संपर्कात आली.

रोब्लॉक्सविषयी विशेष काळजी घ्यावी. 2006 पासून चालू असलेला हा प्रकार म्हणजे एक गेम नसून गेमचा बाजार आहे. खेळणाऱ्यांनीच बनवलेले असंख्य छोटे गेम त्यात आहेत. त्यामुळे ‘माझी मुलगी रोब्लॉक्स खेळते’ हे वाक्य ‘माझी मुलगी बाजारात गेली आहे’ इतकेच सांगते. कोणत्या दुकानात, कोणाबरोबर, ते विचारावेच लागते. तुर्कीने ऑगस्ट 2024 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन हा गेम बंद केला. आपल्या घरी उपाय सोपा आहे. लहान मुलांसाठी बोलण्याची आणि लिहिण्याची सोय बंद ठेवावी. मोठ्यांनी हेडफोनशिवाय, बैठकीच्या खोलीत खेळावे. आवाज सर्वांना ऐकू आला की भाषा आपोआप सुधारते, हा आमचा शाळेच्या मैदानावरचा अनुभव आहे.

चौथा प्रश्न : काय दाखवतो?

गेम गोष्टही सांगतो, आणि त्या गोष्टीत कोणी तरी नायक असतो, कोणी शत्रू. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर 2’ या 2009 च्या गेममध्ये कराची शहराचा नकाशा होता. त्यातल्या दुकानांच्या पाट्या अरबीत होत्या. कराचीत पाट्या उर्दूत असतात, हे उर्दू वाचणारे कोणतेही मूल सांगेल. बनवणाऱ्यांना दोन भाषांतला फरक शोधावासा वाटला नाही, कारण ते शहर त्यांच्यासाठी फक्त गोळीबाराची जागा होती. असा गेम मुलाने खेळला असेल तर रागावण्यापेक्षा त्याला ती पाटी दाखवावी आणि वाचायला लावावी. तो पुढच्या वेळी स्वतःच चुका शोधील.

दुसऱ्या बाजूला ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा ऑक्टोबर 2023 चा गेम नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. बाजार, कालवे, बैतुल हिकमा, सगळे त्यात फिरून पाहता येते. पात्रांचे संवाद अरबीतही ऐकता येतात आणि बगदादच्या इतिहासाची टिपणेही आत दिली आहेत. मात्र खेळ मारेकऱ्याचा आहे, रक्तपात भरपूर आहे आणि तो प्रौढांसाठीच आहे. मुलांसाठी याच मालिकेतली ‘डिस्कव्हरी टूर’ पाहावी. 2018 मध्ये प्राचीन इजिप्तची आणि त्यानंतर ग्रीसची अशी सहल त्यांनी काढली. त्यात लढाई नाही, नुसते फिरणे आणि माहिती ऐकणे आहे. इतिहासाच्या तासाला ती लावता येईल इतकी चांगली आहे. त्यासाठी संगणक मात्र बऱ्यापैकी ताकदीचा लागतो.

वयाचा आकडा पाहायला विसरू नये. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली 3+, 7+, 12+, 16+, 18+ असे लिहिलेले असते. दूध घेताना पिशवीवरची तारीख पाहणारे आपण, हा आकडा न पाहताच गेम उतरवू देतो.

वाट कशाची पाहिली जात आहे?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो 6’. जगात सध्या याच्याइतकी वाट दुसऱ्या कोणत्याही गेमची पाहिली जात नसावी. पाचवा भाग 2013 मध्ये आला आणि त्याच्या 20 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. सहाव्याची पहिली झलक डिसेंबर 2023 मध्ये दिसली. आधी 2025 हे वर्ष सांगितले गेले, मग 26 मे 2026, आणि त्यानंतर 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख कंपनीने दिली. कॉलेजात जाणारा मुलगा ही तारीख ईदच्या चांदसारखी सांगत असेल, तर नवल नाही. पण या मालिकेचा विषय दरोडे, टोळ्या, दारू आणि अश्लीलता हा आहे. पाचव्या भागावर 18 वर्षांचा शिक्का आहे. शाळकरी मुलासाठी याला ‘नाही’ म्हणावे आणि का नाही, तेही सांगावे. कारण सांगितले नाही तर मुलगा तो मित्राच्या घरी जाऊन खेळतो.

वाट पाहण्याचा एक चांगला किस्साही आहे. ऑस्ट्रेलियातल्या अगदी लहानशा टीम चेरीने ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम 2019 मध्ये जाहीर केला आणि तो आला सप्टेंबर 2025 मध्ये. साडेसहा वर्षे लोक थांबले. एकदा किंमत द्यायची, आत पुन्हा पैसे नाहीत. खेळ अवघड आहे, हरणे सतत आहे. घाई न करता काम पुरे करणाऱ्यांनाही बाजारात जागा असते, हे मुलांना सांगण्यासारखे.

घरात आणायला हरकत नाही असे काही

माइनक्राफ्ट. स्वीडनमध्ये जन्मलेला हा गेम 2011 मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. चौकोनी ठोकळ्यांनी घर, पूल, मशीद, किल्ला, काहीही बांधा. शत्रू नको असतील तर शांत खेळायची सोय आहे. एकदा किंमत द्यावी लागते. आत एक दुकान आहे, ते टाळता येते.

स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून 2016 मध्ये हा गेम आणला. आजोबांची पडीक शेती नातू पुन्हा उभी करतो. पेरणी, पाणी, जनावरे, शेजाऱ्यांशी गोडी. शेतीशी नाते तुटलेल्या शहरी मुलांना आवडतो. मात्र गावात दारूचा गुत्ता आहे आणि पुढे एक कॅसिनोही लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मॉन्युमेंट व्हॅली. 2014 चा, फोनवरचा, दोन-तीन तासांत संपणारा. घुमट, कमानी आणि जिने फिरवून वाट शोधायची. दृष्टिभ्रमाचा सुंदर खेळ आहे, रक्ताचा थेंब नाही.

इट टेक्स टू. 2021 चा गेम ऑफ द इयर. एकट्याला खेळताच येत नाही, सोबत दुसरा माणूस लागतोच. तलाकच्या उंबरठ्यावरचे आई-बाप मुलीच्या अश्रूंमुळे बाहुले होतात आणि मिळून काम केल्याशिवाय त्यांची सुटका होत नाही. बारा वर्षांपुढच्या मुलांसोबत मोठ्यांनी बसून खेळण्याजोगा.

लिचेस. बुद्धिबळासाठी पूर्ण मोफत, जाहिरात नाही, आत खरेदी नाही. बुद्धिबळाविषयी आपल्या उलेमांत जुने मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पैज नको आणि नमाज-अभ्यास सुटायला नको, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. आपल्याकडे फोन मुलाच्या हातात आणि मुलगी स्वयंपाकघरात, असे चित्र पुष्कळदा दिसते. खेळण्याचा हक्क मुलीलाही आहे, एवढे यानिमित्ताने सांगतो.

केव्हा काळजी करावी?

जास्त खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही अवस्था आजारांच्या यादीत घेतली आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यातल्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे वाढत जाते. हे साधारण वर्षभर चालले, आणि शाळा, झोप, घरातले बोलणे मोडकळीला आले, तर ओरडून उपयोग नाही, डॉक्टरांकडे जावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून यासाठी वेगळे क्लिनिक आहे. सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

बाकीच्या घरांसाठी एवढे पुरे आहे: रात्री फोन मुलाच्या उशाशी नको. जेवताना आणि नमाजच्या वेळी सर्वांचेच फोन बाजूला, अब्बांचाही. वेळ ठरवताना मिनिटांपेक्षा डाव मोजावेत, कारण मधेच फोन हिसकावला की चार साथीदारांसमोर मुलाची मान खाली जाते आणि भांडण उगाच पेटते. ‘दोन डाव, मग बंद’ हा करार मुले पाळतात.

आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाशेजारी बसावे, त्याच्याकडून त्याचा गेम शिकून घ्यावा. आपण हरू, तो हसेल. हसता हसता तो कोणाशी खेळतो, कशाला घाबरतो आणि पैसे कोणी मागितले, तेही सांगून जाईल. तरबियत दरडावून जितकी होते, त्याहून जास्त अशी शेजारी बसून होते.